महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आईबापांचा वाटा

पालकसभा संपल्यावर दाराशी थांबून काही आईबाप दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात : “सर, मुलाचे हे वर्ष महत्त्वाचे आहे. आम्ही काय करावे?” प्रश्न विचारताना त्यांच्या मुद्रेवर काळजी असते, तसा थोडा संकोचही असतो. कित्येकांचे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतही झालेले नसते. ज्यांचे झालेले असते, त्यांनाही मुलाच्या वहीतील गणित ओळखीचे वाटत नाही. मग ह्या कामी आपला उपयोग तो काय, असे त्यांच्या मनात येते. दाराशी उभ्याउभ्या द्यावयाचे उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

उत्तराचे सार असे की, अभ्यास मुलानेच करावयाचा असतो. त्या अभ्यासाभोवतीचे घर मात्र आईबापांनी सांभाळावयाचे असते. घर सांभाळणे म्हणजे काय, हे आता क्रमाने पाहू.

प्रथम, मूल कोणत्या वाटेने जाणार आहे ती वाट पालकांस ठाऊक असावी. बारावीची परीक्षा आपल्या राज्यमंडळाची. कला, वाणिज्य व विज्ञान ह्या शाखांच्या साध्या पदवीवर्गांत बहुतेक महाविद्यालये तिच्याच गुणांवर प्रवेश देतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र ह्यांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. वैद्यकीय शिक्षणासाठी ‘नीट’ आणि देशातील नामांकित तंत्रसंस्थांसाठी ‘जेईई’ ह्या परीक्षा आहेत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीवर्गांसाठी २०२२ सालापासून ‘सीयूईटी’ ही परीक्षा सुरू झाली आहे. ह्या परीक्षांच्या रीती सारख्या नाहीत. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकलेल्या उत्तरामागे १ गुण वजा होतो, सीईटीत चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत. म्हणून एका परीक्षेत अंदाजाने उत्तर देणे हे नुकसानीचे, तर दुसरीत प्रश्न कोरा सोडणे हे नुकसानीचे! सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. तेव्हा अकरावी हे विश्रांतीचे वर्ष होय ही समजूत घातक आहे. तसेच खासगी शिकवणीच्या भरात बारावीच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. अभियांत्रिकीच्या प्रवेशास बारावीच्या ठरावीक विषयांत मिळून खुल्या वर्गास किमान ४५ टक्के व राखीव वर्गास ४० टक्के गुण लागतात. प्रवेश परीक्षेत यश मिळवूनही ह्या अटीपाशी अडखळलेली मुले मी पाहिली आहेत.

वाट ठाऊक झाली, तरी तीवरून चालावयाचे कोणी, हा प्रश्न उरतोच. येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलास दहावीत ८८ टक्के गुण मिळाले. त्याचे वडील शिवणकाम करीत. ते माझा सल्ला घेण्यास आले तेव्हा, इतके गुण असता मुलास विज्ञान शाखेखेरीज अन्यत्र घालणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय, असे मी ठासून सांगितले. वडिलांनी माझा शब्द मानला व कर्ज काढून त्यास एका नावाजलेल्या शिकवणीत घातले. मुलगा दोन वर्षे मुकाट्याने झिजला, बारावीत जेमतेम उत्तीर्ण झाला आणि पुढे वर्षभर घरी बसला. नंतर तो मला भेटावयास आला. मी कारण विचारले. तो रागावला नाही. खाली पाहून एवढेच म्हणाला, “सर, मला कोणी विचारलेच नाही.” त्याचा ओढा इतिहासाकडे व वक्तृत्वाकडे होता हे सबंध शाळेस ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. आज तो कायद्याचे शिक्षण घेत आहे व त्यात रमला आहे. परंतु त्याची ती तीन वर्षे व त्याच्या बापाचे ते कर्ज मला परत करता आलेले नाही.

तेव्हापासून मी पालकांस एक विनंती करीत आलो आहे. शाखा ठरविण्यापूर्वी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, मुलास जवळ बसवावे आणि त्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. आपली सांपत्तिक स्थिती त्याच्यापासून लपवू नये. आपण किती खर्च करू शकतो, कोठे कर्ज काढावे लागेल, धाकट्या भावंडांचे काय, हे त्यास मोकळेपणाने सांगावे. सतराव्या वर्षी मुलांना पुष्कळ कळते. खरी हकीकत ऐकलेले मूल आपला हट्ट आपणच सोडते किंवा त्यासाठी कष्ट उपसावयास सिद्ध होते.

आता घरातील व्यवस्थेविषयी. “आमची जागा दोन खोल्यांची, मुलास स्वतंत्र खोली कोठून द्यावी?” अशी तक्रार नेहमी कानी येते. ती खोटी नाही. परंतु मुंबईतील परळच्या चाळीत एकाच खोलीत राहून शिकलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सर्वांनी स्मरावी. खोली एवढीशी की साऱ्यांना एका वेळी नीट निजताही येत नसे. लष्करातून निवृत्त झालेले वडील मुलास लवकर निजवीत, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग त्यास अभ्यासास उठवीत व त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः निजत. पुस्तकांसाठी पैसा नसला तर ते विवाहित मुलींकडून उसना आणीत. तोही नसला तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत व निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून देत. तो विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. सुभेदार रामजींपाशी मोठे घर नव्हते. तरी निजावयास जागा, वाचावयास दिवा आणि निवांत वेळ ह्या तीन गोष्टी त्यांनी मुलास मिळवून दिल्या.

ह्या गोष्टीतून मुलास रोज मध्यरात्री उठवावे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मूल आधी पुरेसे निजावे अशी तजवीज रामजींनी केली होती, हे ध्यानात घ्यावे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस चोवीस तासांत ८ ते १० तास झोप हवी, असे निद्राशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले मनात पक्के बसते ते झोपेत. म्हणून आजच्या काळी रामजींचा कित्ता गिरवावयाचा तो असा : संध्याकाळचे ठरावीक दोन-तीन तास घरातील दूरदर्शनसंच बंद ठेवावा, पाहुण्यांस त्या वेळी बोलावू नये, आणि रात्री निजताना घरातील सगळे मोबाइल एका ठिकाणी ठेवावे. ‘सगळे’ हा शब्द मी विचारपूर्वक योजिला आहे. वडिलांचा मोबाइल हातात आणि मुलाचा मात्र कपाटात, असा न्याय मुलांस पटत नाही.

अभ्यासात प्रत्यक्ष मदत करण्याचाही एक मार्ग आहे व त्यास विद्वत्ता लागत नाही. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी तो वाचून पुस्तक मिटले व आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. सारांश, नुसत्या वाचनाने ‘येते’ असा भास होतो. आठवण्याच्या कष्टाने ते खरोखर टिकते. तेव्हा पोळ्या लाटता लाटता आईने एवढेच म्हणावे, “आज काय शिकलास ते मला समजेल असे सांग बघू.” आईस विषय येत नाही हाच येथे मोठा लाभ! तिला समजावयाचे म्हणजे मुलास तो आधी स्वतः नीट समजून घ्यावा लागतो.

तिसरे काम कागदपत्रांचे. हे काम तर सर्वस्वी पालकांचेच होय, आणि त्यात हयगय झाली तर मुलाच्या दोन वर्षांच्या श्रमांवर पाणी पडते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका व आधार कार्ड ह्या तिन्हींवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळतात ना, हे आजच पाहावे. अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा. राखीव जागेवरून व्यावसायिक शिक्षणास जावयाचे असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्रही लागते. त्याच्या पडताळणीस वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. राज्यशासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ ह्या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग ह्यांतील मुलींस, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला असता, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क ह्यांची पूर्ण सवलत २०२४ साली जाहीर झाली आहे. “मुलीच्या फीस पैसा नाही” असे म्हणण्यापूर्वी एकवार चौकशी अवश्य करावी.

शेवटची गोष्ट निकालाच्या दिवसाची. त्या दिवशी मूल आधी पडद्यावरील आकड्यांकडे पाहते व लगेच आईबापांच्या तोंडाकडे पाहते. आकडा कमी असेल तर ते दुसरे पाहणे फार भीत भीत होते. शेजारच्या मुलाचे गुण त्या घटकेस काढू नयेत. “तुझ्यासाठी आम्ही एवढे केले” हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. पोटभर जेवू घालावे व उद्या बोलू म्हणावे. अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पुन्हा होते. प्रवेश परीक्षाही पुढील वर्षी पुन्हा देता येते. मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर मात्र त्यास ‘नाटक’ समजू नये. त्यास क्षणभरही एकटे सोडू नये व तत्काळ वैद्यांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.

असो. विद्यार्थिमित्रांनो, हा लेख तुमच्याही हाती पडेल. तुम्हांसही एक सांगणे आहे. आईबाप कधी चुकीचे बोलतात, कारण तेही ह्या वाटेने प्रथमच चालत असतात. त्यांनी विचारले नाही, तर तुम्ही होऊन सांगा. त्या मुलाने दोन वर्षे आधी तोंड उघडले असते तर मी ऐकले असते, असे मला वाटते. पण खरे पाहता, विचारावयास आधी मीच हवे होते. ह्या वर्षी दाराशी थांबणाऱ्या पालकांस म्हणूनच मी उलट एक प्रश्न विचारणार आहे : “आपण मुलास विचारलेत काय?”

— एक शिक्षक