विदाप्रवाह चौकटी, वैज्ञानिक

उपकरणांनी टिपलेल्या कच्च्या नोंदींपासून अंतिम निष्कर्षापर्यंतच्या संगणकीय क्रिया योग्य क्रमाने घडवून आणणाऱ्या व त्यांचे परस्परावलंबन सांभाळणाऱ्या आज्ञावलींना विदाप्रवाह चौकटी म्हणतात. विदा म्हणजे प्रक्रियेसाठी जमविलेली मूळ माहिती होय.

कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने बसविलेल्या १·९८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडारचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. सुमारे ८० ते ९८ किमी. उंचीवरून अंशतः परावर्तित झालेले रेडिओ तरंग परस्परांपासून काही अंतरावर असलेल्या अँटेना ग्रहण करतात. त्या संकेतांच्या सहसंबंधावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढतात, सदोष मूल्ये वगळून तासाची सरासरी घेतात आणि तीवरून वातावरणातील दैनिक व अर्धदैनिक भरती-ओहोटीचे प्रमाण ठरवितात. मूल्य सदोष ठरविण्याचा निकष मध्येच बदलला व जुन्या नोंदींवर पुन्हा प्रक्रिया केली नाही, तर प्रत्यक्षात न झालेला बदल आलेखात दिसू लागतो. हवामानाचा दीर्घकालीन कल शोधणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. नुसत्या आकड्यांवरून हा दोष क्वचितच ओळखू येतो. चौकटींची तुलना करताना म्हणूनच वेगापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो.

अशा चौकटींची पूर्वज ‘मेक’ ही आज्ञावली स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार केली. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीहून नवी असेल, तर पुढील क्रिया पुन्हा करावयाची, हे तिचे साधे तत्त्व. निकष आज्ञावलीत असला आणि तिची फाइल परावलंबनांच्या यादीत नोंदवावयाची राहिली, तर मात्र ‘मेक’ला बदल कळत नाही. ‘स्नेकमेक’ (२०१२) हीदेखील इच्छित फाइलीपासून उलट दिशेने जाऊन आवश्यक क्रिया शोधते. २०२२ मधील सुधारणेनंतर ती क्रियेची संहिता व प्राचले यांतील बदलही ध्यानात घेते. बार्सेलोना येथे विकसित झालेल्या ‘नेक्स्टफ्लो’त (२०१३) विदा मार्गिकांतून पुढे वाहते. क्रियेची संहिता व निविष्टे यांवरून ती प्रत्येक कामाची ओळखखूण बनविते. त्यामुळे खंडित काम पुढे चालू करता येते व बदललेले तेवढेच पुन्हा होते. जीनोमसंशोधनात या दोन्ही चौकटी विशेष रुजल्या आहेत. ‘एअरफ्लो’चा जन्म एअरबीएनबी या कंपनीत २०१४ मध्ये झाला. तिचा मुख्य आधार वेळापत्रक हा आहे. रोज रात्री रडारच्या नोंदी गोळा करावयास ती उत्तम. परंतु काम यशस्वी झाले एवढेच ती सहसा जाणते, फाइलीत काय बदलले याची दखल आपण होऊन घेत नाही.

एकाच रडारच्या नोंदींसाठी, प्रस्तुत लेखकाच्या मते, स्नेकमेक पुरेशी आहे. काळजीपूर्वक लिहिलेली ‘मेक’ची यादीही चालेल. अनेक संगणकांवर काम वाटावयाचे असल्यास नेक्स्टफ्लो सोयीची पडते. जागा वाचविण्यासाठी कच्चे संकेत पुसून केवळ वाऱ्याची मूल्ये ठेवली असतील, तर सहसंबंधाची पायरी यांपैकी कोणत्याही चौकटीला पुन्हा करता येत नाही.