करडखेडच्या पाण्यावरची माणसं

देगलूर हे तीन राज्यांच्या सांध्यावरचं गाव. मदनूर लागलं की तेलंगण सुरू, औरादकडे वळलं की कर्नाटक. बाजारात भाव मराठीत विचारावा, उत्तर तेलुगूत यावं आणि सौदा दखनीत तुटावा, याचं इथे कुणाला नवल नाही. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं पलीकडे गेली, सोयरीक मात्र तुटली नाही. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, धुंडा महाराज देगलूरकरांची कीर्तनपरंपरा, 7 नोव्हेंबर 2022 ला इथूनच महाराष्ट्रात आलेली भारत जोडो यात्रा, हे सगळं वाचकांनी अनेकदा वाचलेलं आहे. इथल्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांबद्दल मात्र क्वचितच कुणी लिहितं.

दोन्ही समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी कोळीवाड्यात पहाट जशी उजाडते तशीच ती करडखेड प्रकल्पाच्या काठावरही उजाडते. ज्या तलावाचं पाणी देगलूर शहर पितं, त्याच तलावावर भोई समाजाच्या काही घरांची चूल पेटते. संध्याकाळी जाळी पाण्यात सोडायची आणि तांबडं फुटायच्या आत ओढायची. पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी बांधून माणसं खोल पाण्यात जात, आता थर्मोकोलचे तराफे आलेत. पुरुष काठाला लागले की बायका ताबा घेतात. जाळ्यातून मासा सोडवणं, निवडणं, तोलणं, पाटीत भरून बाजार गाठणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या तागडीपुढे घासाघीस फारशी चालत नाही.

काठावरच्या बाभळीखाली एक वयस्कर भोई जाळं विणत बसले होते. त्यांच्यापाशी बसलो तो ऊन चढेपर्यंत उठवेना. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, डाव्या हातात बांबूची चपटी पट्टी, उजव्या हातात दोऱ्याने भरलेली सुई. दोरा पट्टीवरून घ्यायचा, वरच्या घरातून काढायचा, चिमटीत धरून गाठ आवळायची. पट्टी जेवढी रुंद तेवढं जाळ्याचं घर मोठं. त्यांची नजर पाण्यावर होती, हात आपले चालूच. फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवले की जाळं गोल पडतं आणि झटकन तळाला बसतं. मणी कमी पडले तर मासा खालून निसटतो. ‘मशीनचं जाळं सस्त पडतंय, पण त्याचं घर बारीक. लहान-मोठं समदं ओढून आणतंय. उद्याला काय धरायचं मग?’ असं ते म्हणाले. पोरगं हैदराबादला कामाला गेलंय आणि सुई हातात घ्यायला घरात कुणी तयार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी पाण्यावरचा एक तांबूस ठिपका दाखवला. ठिपका हलत होता. ती मरळीची पिलं होती, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. मरळ वरची हवा घेते, त्यामुळे पिलं सारखी पृष्ठभागावर येतात आणि मोठा मासा खाली राखण करतो. गळ टाकला तर पिलांच्या रक्षणासाठी तो त्वेषाने अंगावर येतो आणि सहज सापडतो. ‘पिलं घेऊन फिरायलीय ती. तिला धरलं की समदी पिलं गेली म्हणा,’ असं सांगून ते पुन्हा विणायला लागले.

या मरळीला पलीकडे फार मान. ती तेलंगणाचा राज्यमासा आहे. मृग लागला की तिकडे मासा खाण्याची रीत आहे. हैदराबादेत त्या दिवशी दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात औषध घालून गिळायला देतात. वैद्यकशास्त्राचा त्याला आधार नाही, पण गर्दी लोटते ती लोटतेच.

रोहू आणि कटल्याचं गणित वेगळं. वाहत्या नदीत अंडी घालणारे हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत, म्हणून बोटुकली विकत आणून सोडावी लागते. ती वेळेवर मिळाली नाही तर वर्ष वाया जातं. मधल्या मधे चिलापी माजते. ती अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते आणि जागा अडवून बसते. तिला भावही नाही. त्यात काठावर बर्फाची सोय नसल्यामुळे सकाळचा ताजा मासा दुपारी पडेल त्या दराला द्यावा लागतो आणि बाजारात आंध्रातून बर्फात आलेला रोहू त्याच्याशी स्पर्धा करतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

पाण्याची दुसरी बाजूही या भागाला ठाऊक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने हसनाळ, रावणगाव ही गावं वेढली, माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. लेंडीचं पाणी मांजरेला मिळतं आणि मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत जाते. तो पूर अजून काठावरच्या बोलण्यात येतो.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याचा लाभ किनारपट्टीवर थांबू नये. करडखेडसारख्या तलावावरच्या माणसांना पावसाआधी बोटुकली, काठावर एक बर्फपेटी आणि सावलीचा ओटा मिळाला तरी पुष्कळ होईल. देगलूरला जाल तेव्हा होट्टल पाहाच, पण सकाळी लवकर तलावाकडेही वळा आणि मासा तिथेच, त्या बायकांकडून घ्या. पाण्यावर तांबूस ठिपके फिरत असतील, तर त्या दिवशी मरळ मात्र मागू नका.