गाडीच्या रंगासाठी घरचा तंबू

बंगल्याच्या पोर्चमध्ये बंपर किंवा दार रंगवायचं ठरलं, की बहुतेकजण पहिला विचार धुळीचा करतात आणि चारही बाजूंनी प्लॅस्टिक ताणून मोकळे होतात. पण असा बंदिस्त तंबू थिनरच्या वाफेनं भरून जातो. आपण हवेसाठी वाट बांधतोय, हे आधी मनात पक्कं करावं.

सांगाडा पीव्हीसी पाइपचा किंवा बांबूचा चालतो. गाडीभोवती माणूस गन घेऊन मोकळेपणी फिरेल इतकी, साधारण एक मीटर, जागा सोडावी. पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं तर एलईडी ट्यूब बाहेरूनच लावता येतात. रंगात ओघळ येतोय का, हे बाजूनं पडणाऱ्या उजेडातच कळतं.

आता पंखा. तो हवा बाहेर ओढायला लावला, तर दोन अडचणी येतात. तंबूतला दाब कमी होऊन प्रत्येक फटीतून धूळ आत खेचली जाते, आणि पेट घेणारी वाफ थेट मोटरवरून जाते. म्हणून पंखा बाहेर, हवा आत येण्याच्या बाजूला ठेवावा आणि त्याच्यापुढे फिल्टरचं रुंद कापड ताणावं. मोटर स्वच्छ हवेत राहते, आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा बाहेरच पडते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं बाहेर जायच्या खिडक्या समोरच्या भिंतीला जमिनीलगत ठेवाव्यात. त्यांनाही फिल्टर हवाच, नाहीतर रंगाचा फवारा शेजाऱ्यांच्या गाडीवर बसतो. ती हवा कुणाच्या खिडकीकडे जाता कामा नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमत नाही, तिथे हा घाट घालूच नये. घरातला गॅस आणि देवघरातली समई काम संपून वास जाईपर्यंत विझलेलीच असू दे.

गन हातात घेण्याआधी फरशी ओली करावी, धूळ खाली बसते. वायरी मात्र जमिनीवर नकोत. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावावा. पावसाळ्यात हे काम टाळावंच. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम, तेही दव सुकल्यावर. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, जाऊ द्यावा. घाई केली की आत अडकलेलं थिनर नंतर फुगे काढतं.

एका गोष्टीत तडजोड नको. हार्डनर मिसळायच्या पीयू क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो, आणि घातक प्रमाणातही त्यांचा वास येईलच असं नाही. रुमाल किंवा एन-९५ मास्क इथे कामाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर क्लिअरचा हात वर्कशॉपमध्येच मारून घ्यावा. अख्खी गाडीही तिथेच द्यावी असं माझं मत आहे. तिथल्या रंगाच्या बूथमध्ये हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगानं सरकते. चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच तंबूत तेवढा वेग हवा तर सेकंदाला पाच घनमीटर हवा लागेल. घरगुती पंख्याच्या आवाक्यातलं ते नाही.

शेवटच्या हातानंतरही पंखा चालू ठेवावा. रंग बोटाला चिकटेनासा झाला की मगच प्लॅस्टिक काढावं, वरून खाली गुंडाळत, म्हणजे त्यावरची कोरडी भुकटी गाडीवर सांडणार नाही.