सायलेन्सरविना इंजिन आणि व्हॉल्व्हचे आयुष्य

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. भात, नागली व वरई ही या डोंगराळ मुलखाची पिके. भरडाईची गिरणी असो वा ओहोळावरील पंप, विजेचा भरवसा नसेल तेथे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन कामास येते. दमट हवेत त्याचा सायलेन्सर गंजतो, त्यास भोके पडतात आणि मग तो काढूनच टाकला जातो. अशा इंजिनाबद्दल दोन समजुती आढळतात. त्यामुळे इंजिन ‘मोकळे’ चालते, ही एक. उघड्या तोंडातून थंड हवा शिरून व्हॉल्व्ह वाकतात किंवा जळतात, ही दुसरी. ऐन हंगामात इंजिन बंद पडणे शेतकऱ्यास परवडणारे नसल्याने यात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण भारावर कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात तो मिनिटाला ७५० वेळा उघडतो. त्या प्रत्येक वेळी तप्त वायू जोराने बाहेरच पडतो. शिवाय प्रत्येक आवर्तनात सिलिंडरमध्ये ताजी हवा येतेच. म्हणजे गरम-थंडाचा हा फेरा व्हॉल्व्हला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनास आखूड नळकांडीच होती. त्याचे व्हॉल्व्ह सोडियम भरून थंड ठेवीत हे खरे. पण ती सोय इंजिनाच्या प्रचंड शक्तीपायी होती, आखूड नळीपायी नव्हे.

मग व्हॉल्व्ह जळतो कशाने? त्याची बरीचशी उष्णता बैठकीवाटे निघून जाते. टॅपेटची फट पुरेशी नसेल अथवा बैठकीवर काजळी साचली असेल, तर व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, वायू कडेने झिरपतो आणि कडा जळू लागते. कार्बुरेटरच्या पेट्रोल इंजिनात मात्र सायलेन्सर काढल्यावर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटू शकते व ज्वलन अधिक तापदायक होते. तेथे कार्बुरेटरची पुन्हा जुळणी आवश्यक ठरते. डिझेल इंजिनात हवा नेहमीच जादा असते, म्हणून हा प्रश्न उद्भवत नाही.

खोडाळ्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात खरा शत्रू निराळाच आहे. बंद इंजिनाच्या उभ्या, उघड्या नळीतून पावसाचे पाणी व्हॉल्व्हपर्यंत उतरते. दांडा गंजून गाईडमध्ये अडकतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते. थंड हवेचा बाऊ करणाऱ्यांचे नेमके याकडेच दुर्लक्ष होते.

आवाजाची बाब तर वेगळीच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गिरणी शाळेजवळ असेल तर वर्गातील मुलांना व दिवसभर इंजिनाशी उभ्या असलेल्या चालकाच्या कानांना त्याचा त्रास होतो. बंदिस्त खोलीत उघड्या नळीचा धूर त्याहून घातक. मोटार वाहनांस, ट्रॅक्टरसह, सायलेन्सर असणे १९८९ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारकच केले आहे.

तेव्हा सायलेन्सर बदलून बसवावा, नळीचे तोंड खोलीबाहेर काढून खाली वळवावे किंवा इंजिन बंद व थंड असताना डब्याने झाकावे. पावसात बरेच दिवस बंद राहिलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल हळू फिरवावे. ते अडल्यास जोर लावू नये. आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.