रडणाऱ्या बाळाला उचलावे का? मेरी एन्सवर्थ यांचे संशोधन

तान्ह्या बाळाला रडताक्षणी उचलून घेतले तर ते लाडावते, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ होता. जॉन वॉटसन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञही मातांना माया आवरती घेण्याचा सल्ला देत असत. प्राध्यापिका मेरी एन्सवर्थ यांनी या समजाला प्रत्यक्ष निरीक्षणातून आव्हान दिले.

एन्सवर्थ यांचा जन्म १९१३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. त्या कॅनडात वाढल्या आणि १९३९ मध्ये टोरांटो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९५० मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात त्या मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या संशोधनात सहभागी झाल्या. आईच्या वियोगाचा मुलांवर होणारा परिणाम, हा त्या संशोधनाचा विषय होता.

१९५४ मध्ये पतीसमवेत युगांडात गेल्यावर त्यांनी कंपालाच्या परिसरातील २६ कुटुंबांचा घरी जाऊन अभ्यास केला. बाळाचे संकेत आई किती अचूक ओळखते, यावर दोघांमधील भावनिक अनुबंध अवलंबून असतो, असे त्यांना दिसले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी आणखी २६ कुटुंबे निवडली. वर्षभर दर तीन आठवड्यांनी निरीक्षक सुमारे चार तास प्रत्येक घरी बसत. ज्या बाळांच्या रडण्याला सुरुवातीपासून तत्पर प्रतिसाद मिळाला, ती वर्षअखेरीस कमी रडत होती, असा निष्कर्ष त्यांनी सिल्व्हिया बेल यांच्यासह १९७२ मध्ये मांडला.

याच अभ्यासासाठी त्यांनी सुमारे वीस मिनिटांची एक चाचणी योजली. अनोळखी खोलीतून आई दोनदा बाहेर जाते व परतते. मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर ते कसे वागते, याला त्यात अधिक महत्त्व आहे. आईजवळ जाऊन शांत होणे, तिला टाळणे किंवा बिलगूनही रागावलेले राहणे, असे तीन प्रकार त्यांनी नोंदवले. यावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. बाल्टिमोरमधील कुटुंबे मोजकी आणि मध्यमवर्गीय होती. आईपासून क्वचितच दूर राहणाऱ्या जपानी बाळांना ही चाचणी फार तणावाची ठरते, असे तेथील अभ्यासांत दिसले. रडण्याविषयीच्या निष्कर्षाला नेदरलँड्समधील २००० सालच्या अभ्यासात दुजोरा मिळाला नाही. आईची संवेदनशीलता आणि मुलाचा सुरक्षित अनुबंध यांचा संबंध मात्र अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळला, जरी तो मध्यम स्वरूपाचा होता.

व्हर्जिनिया विद्यापीठातून १९८४ मध्ये निवृत्त झालेल्या एन्सवर्थ यांचे १९९९ मध्ये निधन झाले. मेरी मेन यांच्यासारख्या विद्यार्थिनींनी त्यांचे संशोधन पुढे नेले. बाळाला समजून घ्यायचे तर आधी त्याच्या घरी जाऊन बसावे लागते, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता.