समुद्रातला मासा संपत नाही?

"वाघ-सिंह संपतील हो, पण मासा? एवढ्या मोठ्या समुद्रातला मासा कसा संपेल?" शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात, तेव्हा चिडायला होतं.

संपतो. डिसेंबर 2023 मध्ये निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत जावाजवळचा एक छोटा पाकट, युरोलोफस जावानिकस, नामशेष म्हणून नोंदला गेला. माणसामुळे संपल्याचं जाहीर झालेला हा पहिला सागरी मासा. त्याचा एकमेव नमुना 1862 मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारात मिळाला होता. बेसुमार मासेमारी आणि किनाऱ्याची नासाडी यांनी तो गेला. पाकट मुळात थोडी पिल्लं देतो आणि सावकाश वाढतो. त्यातून तो एवढ्याशा पट्ट्यात राहणारा असला, तर अथांग समुद्राचा त्याला काय उपयोग?

'दिसला नाही, पण कुठेतरी असेलच' हाही युक्तिवाद ऐकू येतो. शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरत नाही, तेव्हाच नामशेषाचा शिक्का बसतो. त्याआधी कसून शोध घ्यावा लागतो. पिशवीवाल्या थायलसीनचा, म्हणजे टास्मानियन वाघाचा, शेवटचा ज्ञात प्राणी 1936 मध्ये मेला. आययूसीएनने तो नामशेष ठरवला 1982 मध्ये.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

थायलसीन लांडग्याचा भाऊबंद? नाही. सारखी शिकार, म्हणून सारखा जबडा. नातं कांगारूशी जवळचं.

पिशवीवाले प्राणी फक्त ऑस्ट्रेलियात? ओपॉसम अमेरिकेत आहेत.

पाकट आणि सुरमई, दोन्ही मासेच, म्हणजे सख्खे? पाकटाचा सांगाडा कूर्चेचा, तो शार्कच्या घराण्यातला. सुरमई हाडांची. वंशवृक्षात ती पाकटापेक्षा थायलसीनला आणि आपल्यालाही जवळची आहे.

पाकट अंडी घालतो? शेपटीला विषारी काटा असलेले पाकट जिवंत पिल्लांना जन्म देतात.

लाल यादीत नाव आलं की संरक्षण मिळालं? यादी म्हणजे निदान; कायदा सरकारला करावा लागतो. भारताने 2001 मध्ये गंगेतला पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला. टास्मानियाने 1888 ते 1909 थायलसीन मारणाऱ्यांना बक्षिसं वाटली आणि संरक्षण दिलं 10 जुलै 1936 रोजी. होबार्टमधला तो शेवटचा प्राणी 7 सप्टेंबरला मेला.