दातांच्या फटीसाठी एक छोटे अवजार

हुरड्याचे दिवस आठवा. शेतात आगटी पेटलेली आहे. ज्वारीची कोवळी कणसे भाजून हातावर चोळली आहेत. सोबत तिळाची चटणी आहे, गूळ आहे. सगळे पोटभर खातात. मग काय होते? जो तो एक हात तोंडावर धरतो आणि दुसऱ्या हाताने दात कोरू लागतो. कोणी बाभळीचा काटा घेतो. कोणी आगपेटीतली काडी घेतो. एखादी बाई बांगडीला अडकवलेली पिन काढते.

अडकलेले निघाले की आपल्याला वाटते, झाले काम. पण काम झालेले नसते. उलट काट्याने हिरडी फाटते, पिनेने जखम होते. आणि फटीतली खरी घाण तशीच राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दात खाते.

ही घाण कशी काढावी आणि त्यासाठी घरच्या घरी एक अवजार कसे करावे, ते आज सांगतो.

दात म्हणजे माळवदाचे घर

आपले माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणा. चार भिंती आणि वर माळवद. दाढही तशीच असते. एक भिंत गालाकडे, एक जिभेकडे. वरचे माळवद म्हणजे चावायची बाजू. राहिल्या दोन भिंती. त्या शेजारच्या दाढांकडे असतात. दोन घरांच्या मध्ये जशी अरुंद बोळ असते, तशी दोन दाढांच्या मध्ये फट असते.

लिंबाची काडी घ्या, मंजन घ्या, नाहीतर ब्रश घ्या. गालाकडची भिंत साफ होते, जिभेकडची होते, माळवदही साफ होते. पण बोळीत यांपैकी काहीच शिरत नाही. म्हणजे पाच बाजूंपैकी तीन साफ आणि दोन तशाच. रोज अंगण झाडायचे आणि बोळीतला उकिरडा तसाच ठेवायचा, असे हे होते.

बोळीत काय साचते? दातांवर एक मऊ, चिकट थर बसतो. त्यात जिवंत जंतू असतात. आपण गोड खाल्ले की तेही खातात आणि त्याचे आम्ल करतात. आम्ल म्हणजे आंबट, झोंबरा रस. त्याने दाताचे कवच झिजते आणि दात किडतो. हा थर बरेच दिवस राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण घरी निघत नाही. ते डॉक्टरलाच काढावे लागते.

थर हिरडीच्या कडेला राहिला की हिरडी सुजते. रक्त येते. तोंडाला वास येतो. पुढे दाताच्या मुळाभोवतीचे हाड झिजते. भिंतीखालची माती वाहून गेली की भिंत हलते, तसा दात हलू लागतो. लोक म्हणतात, "वय झाले, दात पडायचेच." बाबांनो, दात वयाने पडत नाहीत. बहुतेक दात रोगाने पडतात.

मिसरी लावणाऱ्या आयाबायांनाही एक सांगतो. मिसरीने दुखणे थोडा वेळ दबल्यासारखे वाटते. पण रोग जात नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाचा कर्करोगही होतो.

माझी गोष्ट

मी स्वतः शहाणा होतो असे समजू नका. चाळीसएक वर्षे मुलांची नखे आणि दात तपासले. प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरायचो. पण माझ्या दाढांच्या फटीत काय चालले आहे, ते मला कळले नाही. नोकरी संपली त्या वर्षी खालच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. तेव्हापासून कडक भाकरी मी दुधात कुस्करून खातो. शेंगदाणे कुटून घ्यावे लागतात. पंगतीत ऊस आला की मी दुसरीकडे बघतो.

लातूरला दातांच्या डॉक्टरांनी उरलेल्या दाढा तपासल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्या वाचवायच्या असतील तर रोज फटीतून दोरा फिरवा." त्यांनी दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून दाखवला.

घरी येऊन मी आरशापुढे बसलो. बोटे जाड, त्यात सांधे धरलेले. दोन बोटे दाढेपर्यंत जाईनात. दोरा सैल पडे, लाळेने निसटे. बोटाला करकचून वळ पडले. चार दिवसांत दोरा कोनाड्यात गेला.

तेव्हा मनात आले, दोष दोऱ्याचा नाही. दोष धरायच्या रीतीचा आहे. विळा आहे, पण त्याला मूठ नाही, असे झाले आहे.

दोरा जुना, मूठ नवी

दोऱ्याने दात साफ करणे नवे नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथे लेव्ही स्पिअर पार्मली नावाचे दंतवैद्य होते. १८१९ साली त्यांनी पुस्तक लिहिले आणि मेण लावलेला रेशमी दोरा फटीतून फिरवायला सांगितले. १८८२ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने असा दोरा विकायला काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रेशीम मिळेना, तेव्हा नायलॉनचा दोरा आला. आजही मेडिकल दुकानात मिळतो तो बहुधा नायलॉनचा असतो.

आपल्याकडेही जुन्या माणसांजवळ चांदीचे किंवा पितळेचे दातकोरणे असे. कानकोरण्याबरोबर एका कडीत अडकवलेले. त्याने अडकलेला कण निघे. पण चिकट थर पुसायला टोक कामाचे नाही. त्याला ताणलेला दोरा लागतो.

दोऱ्याला मूठ लावलेली प्लास्टिकची छोटी अवजारे आता दुकानात मिळतात. ती घेतली तरी चालेल. पण ती बहुतेक एकदा वापरून टाकायची असतात. रोज एक टाकायचे म्हणजे खर्च आणि कचरा. म्हणून मी गावातच एक करायचे ठरवले.

तीन वेळा केले, तेव्हा जमले

पहिल्यांदा बाभळीची बेचकी तोडली आणि तिच्या दोन टोकांना दोरा बांधला. सुतारदादा हसून म्हणाले, "गुरुजी, पाखरं हाणायचीत का काय?" अवजार गलोलीसारखेच दिसत होते. पण ते इतके जाड होते की तोंडात जाईना.

दुसऱ्यांदा बांबूची कामटी वाकवून धनुष्य केले. हे तोंडात गेले. पण दोरा फटीत घातला की धनुष्याची टोके जवळ येत आणि दोरा ढिला पडे. ढिल्या दोऱ्याने काही निघत नाही. एकतारीची तार ढिली असेल तर सूर निघतो का? तसेच.

मग मी बुरूडदादांकडे गेलो. आपल्या किनवट-माहूरकडच्या जंगलात बांबू होतो. बांबूचा स्वभाव बुरुडाइतका कोणाला माहीत? त्यांनी धनुष्य हातात घेतले, वाकवले आणि म्हणाले, "गुरुजी, कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तर काय करता? पाचर मारता न्हवं?"

त्या एका वाक्याने काम झाले.

अवजार कसे करायचे

वाळलेल्या बांबूची एक काडी घ्या. करंगळीपेक्षा बारीक, १५ सेंटिमीटर लांब. एका टोकाकडून ५ सेंटिमीटर उभी चीर द्या. चीर जिथे संपते, तिथे दोरा घट्ट गुंडाळून बांधा. नाहीतर काडी पुढे फाटत जाईल.

आता चिरेत एक छोटी पाचर बसवा. दोन टोके फाकतील. त्यांच्यात अंगठ्याएवढे, म्हणजे सुमारे २ सेंटिमीटर अंतर ठेवा. टोकांना बाहेरून बारीक खाच पाडा. काडी सगळीकडून काचकागदाने घासा. कुसळ राहिले तर जीभ फाटेल. टोके गोल हवीत. बुरूडदादांनी माझी टोके विस्तवावर शेकून जराशी वाकवलीसुद्धा, उलथण्यासारखी. त्याने मागच्या दाढांपर्यंत पोचणे सोपे जाते.

आता दात साफ करायचा दोरा घ्या. त्याचे एक टोक मुठीला गुंडाळा. दोरा एका खाचेतून वर न्या, पलीकडच्या खाचेत घाला, खाली आणा आणि पुन्हा मुठीला गुंडाळा. ढिला वाटला तर पाचर थोडी आत दाबा. दोरा ताणला जातो. बोटाने छेडला तर टणक लागला पाहिजे.

दोरा कोणता घ्यावा, हेही नीट ऐका. दातांसाठी विकतात तोच चांगला. शिवणाचा सुती दोरा विसकटतो आणि त्याचे तंतू फटीत अडकतात. पतंगाचा मांजा तर कधीच घेऊ नका. त्याने हिरडी कापते.

वापरायचे कसे

रात्री जेवण झाल्यावर आरशापुढे बसा. मागच्या दाढांसाठी काडी तोंडात आडवी घाला. एक टोक गालाकडे, दुसरे जिभेकडे. पुढच्या दातांसाठी काडी उभी धरा. एक टोक ओठाच्या बाजूला, दुसरे तोंडाच्या आत.

दोरा फटीवर ठेवा. करवत चालवतो तसा हळूहळू मागेपुढे करत आत न्या. कचकन दाबू नका. आत गेला की तो एका दाताच्या भिंतीला टेकवा आणि हिरडीच्या कडेपासून वर-खाली चारपाच वेळा पुसा. मग दुसऱ्या दाताच्या भिंतीला टेकवा आणि तसेच करा. बोळीला दोन भिंती आहेत, हे विसरू नका. मग पुढची फट. शेवटी चूळ भरा आणि ब्रश करा.

झाल्यावर दोरा फेकून द्या. काडी धुऊन उन्हात वाळवा. प्रत्येकाची काडी वेगळी असावी. काडीला चीर गेली किंवा ती काळी पडली तर नवी करा.

पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून सोडू नका. हिरडी सुजलेली आहे म्हणून रक्त येते. ती बरी झाली की थांबते. दोन आठवड्यांतही थांबले नाही तर डॉक्टरला दाखवा. दात हलत असेल, पू येत असेल, तर लगेच जा. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांना जपलेच पाहिजे, कारण दोन्ही रोग एकमेकांना वाढवतात. लातूरला आणि नांदेडला दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासतात.

खोटी आशा मात्र दाखवत नाही. गेलेली दाढ दोऱ्याने परत येत नाही. दगड झालेले कीटण निघत नाही. २०१९ साली तज्ज्ञांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले. ब्रशला दोऱ्याची जोड दिली तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असे त्यांना दिसले. पण पुरावा फार भक्कम नाही, असेही त्यांनी सांगितले. ज्यांच्या फटी मोठ्या आहेत, त्यांना बाटली धुण्याच्या ब्रशासारखा बारीक ब्रश जास्त उपयोगी पडतो. तुमच्या दातांना काय हवे, ते डॉक्टरला विचारा.

माकडीण काय शिकवते

शेवटी एक गंमत सांगतो. थायलंड देशात लोपबुरी नावाचे गाव आहे. तिथली माकडे माणसांचे केस ओढून घेतात आणि त्या केसाने आपले दात साफ करतात! जपानी संशोधकांनी २००९ साली लिहिले की पिल्लू बघत असेल तर माकडीण हेच काम थांबत थांबत, पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ करून दाखवते.

मी आता रात्री नातवाला शेजारी बसवतो. त्याची काडी छोटी केली आहे. दोरा मीच फिरवतो, कारण त्याचा हात अजून बसलेला नाही. परवा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही ऊस का खात नाही?"

मी त्याला माझी रिकामी जागा दाखवली. त्याने ती नीट पाहिली, आणि मग स्वतःच काडी माझ्या हातात दिली.